पैसे न खर्चता बायबलचा सखोल अभ्यास कसा करावा?

नोकरी-संसार सांभाळून, बायबल कॉलेजात न जाता, फुकटात पवित्र शास्त्राचा खोलवर अभ्यास जमेल का, असं तुम्ही विचारलं आहे. इंग्रजी बेताचं आहे, हेही लिहिलं आहे. जमेल. त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आज मोफत मिळतं. गाडी अडते ती क्रमावर. बहुतेक जण आधी यूट्यूबवरची प्रवचनं ऐकतात, मग टीकाग्रंथ (बायबलचा अर्थ उलगडणारी पुस्तकं) चाळतात आणि मूळ उतारा सगळ्यात शेवटी, तोही घाईत वाचतात. हा क्रम उलटा करा.

सुरुवातीला छोटं पुस्तक घ्या. प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र मला सगळ्यात सोयीचं वाटतं: ४ अध्याय, १०४ वचनं, मोठ्याने वाचलं तर पंधरा-वीस मिनिटांत संपतं. उत्पत्तीपासून हौसेने सुरू करणारे पुष्कळ जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकात थांबतात. पहिला आठवडा रोज एका बैठकीत पूर्ण पत्र वाचा, बाकी काही नको. दुसऱ्या आठवड्यात ते वहीत उतरवून काढा, रोज १५ वचनं. डाव्या पानावर मजकूर लिहा आणि उजवं पान कोरं ठेवा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. हाताने लिहिताना ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरी’ हे जोडशब्द नजरेतून निसटत नाहीत, आणि पौलाचा युक्तिवाद त्यांच्यावरच उभा असतो.

लिहिताना अध्याय आणि वचनांचे आकडे समासात टाका, ओळीत नको. ते पौलाने घातलेले नाहीत. आजचे अध्याय तेराव्या शतकातले आहेत आणि नव्या कराराचे वचनक्रमांक १५५१ सालचे. चौथा अध्याय ‘म्हणून’ने सुरू होतो, म्हणजे ४:१ (चौथ्या अध्यायाचं पहिलं वचन) हा ३:२०-२१ चा निष्कर्ष आहे. अध्याय संपला म्हणून पुस्तक मिटणाऱ्याला हे कळतच नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून उजव्या पानावर प्रश्न लिहा. कोण बोलतो, कोणाशी, कुठून? (१:१३ वरून कळतं की लिहिणारा बंधनात आहे.) कोणते शब्द पुन्हा येतात? कुठल्या दोन जागा एकमेकींना धरून आहेत? २:२ मध्ये सगळ्यांना एकचित्त होण्याची विनंती आहे आणि ४:२ मध्ये युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नावं घेऊन तेच सांगितलं आहे. ख्रिस्ताच्या नम्रतेचा प्रसिद्ध उतारा (२:५-११) या दोन जागांच्या मध्ये येतो. तो मंडळीत एकमेकांशी कसं वागावं यासाठी लिहिला आहे, हे मग आपोआप दिसतं.

पार्श्वभूमीसाठी आधी बायबलच उघडा. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये ही मंडळी कशी सुरू झाली ते आहे: लुदिया, तुरुंगाचा अधिकारी, आणि फिलिप्पै ही रोमी वसाहत होती ही नोंद. रोमी नागरिकत्वाचा अभिमान असलेल्या शहराला ‘आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे’ (३:२०) हे वाक्य किती लागलं असेल, ते त्यावरून समजतं.

सगळ्यात जास्त चूक संदर्भ तोडल्याने होते. ४:१३, ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे’, हे वचन परीक्षेच्या आणि धंद्याच्या यशासाठी सर्रास वापरलं जातं. आधीची दोन वचनं वाचा: उपासमार आणि विपुलता दोन्हींत समाधानी राहायला शिकल्याबद्दल तो बोलतो आहे. चांगल्या भविष्याचं आश्वासन म्हणून वापरल्या जाणाऱ्या यिर्मया २९:११ चंही तसंच. त्याच्या आधीच्या वचनात बाबेलात सत्तर वर्षं काढायची आहेत. नियम सोपा आहे: एका वचनावर बोलण्याआधी मागची-पुढची दहा वाचा.

साधनं इथून पुढे. यूव्हर्जन या मोफत बायबल ॲपमध्ये मराठीचे एकाहून अधिक अनुवाद आहेत. दोन शेजारी ठेवा आणि जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. मग तिथले मूळ भाषेतले शब्द बघायला स्टेप बायबल ही वेबसाइट उघडा. केंब्रिजच्या टिंडेल हाउस या बायबल-संशोधन संस्थेने बनवलेलं हे साधन मोफत आहे आणि नोंदणीही लागत नाही. नेट बायबल या इंग्रजी अनुवादातल्या अनुवादकांच्या टिपाही फुकट वाचता येतात. इंग्रजी अडलं तर पूर्ण पान यंत्राने भाषांतरित करू नका, त्यात नावं आणि धर्मशास्त्रीय शब्द बिघडतात. जी टीप हवी तेवढीच वाचा. स्ट्राँगच्या कोशात (बायबलमधल्या मूळ हिब्रू-ग्रीक शब्दांचा कोश) एका ग्रीक शब्दाचे पाच अर्थ दिसले, तर ते पाचही एका वचनात भरू नका. तिथे एकच लागू असतो आणि तो वाक्य ठरवतं. मॅथ्यू हेन्रीसारख्या जुन्या भाष्यकारांच्या इंग्रजी टीका सगळीकडे फुकट मिळतात, कारण त्यांचे हक्क संपले आहेत. भक्तीसाठी त्या उत्तम आहेत. इतिहास-भूगोलासाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नका, नंतरचे शोध त्यांत नाहीत.

मंडळीत गट चालवायचा असेल तर पाच ते आठ जण आणि सव्वा तास पुरतो. छापील उतारा वाटायला इंडियन रिवाइज्ड व्हर्जनचा मराठी मजकूर घ्या. तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, म्हणून श्रेय आणि परवान्याचा उल्लेख ठेवून छापता आणि वाटता येतो. बायबल सोसायटीच्या अनुवादाचे हक्क राखीव आहेत, त्याच्या प्रती काढण्याआधी परवानगी घ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी उतारा दोनदा मोठ्याने वाचा; ते पुष्कळदा वाचणाऱ्यांपेक्षा बारीक ऐकतात. ‘हे कुठल्या वचनात दिसतं?’ हा प्रश्न पाळकांसकट प्रत्येकाला विचारायची मुभा हवी, नाहीतर तासाचं प्रवचन होतं.

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर मोफत अभ्यासाचं आमंत्रण आलं, तर संस्थेचं नाव आणि विश्वासकबुली (ती काय मानते याचं लेखी निवेदन) आधी मागा. नाव सांगायला टाळाटाळ होत असेल, तर जाऊ नका.

तुम्ही कॅथलिक असाल तर फोनवरचा अनुवाद तपासून घ्या: तुमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६. फिलिप्पैकरांस पत्र दोन्हींत आहे, त्यामुळे सुरुवात आजही करता येईल. ते झालं की रूथ घ्या, मग मार्क.