स्फटिकाचा समतोल आकार शिकताना

पृष्ठऊर्जेचा ध्रुवीय आलेख (म्हणजे प्रत्येक दिशेच्या पृष्ठभागाची प्रति एकक क्षेत्रफळ ऊर्जा केंद्रापासूनच्या अंतराने दाखवणारी आकृती) हाच स्फटिकाचा आकार, असे तुम्ही मानले आहे. सुरुवातीला ही चूक बहुतेकांकडून होते, म्हणून तिथूनच आरंभ करतो. भौतिकशास्त्रज्ञ गिब्ज यांच्या विचारानुसार, तापमान आणि घनफळ स्थिर असताना स्फटिक समतोलात आपली एकूण पृष्ठऊर्जा किमान करतो, केवळ क्षेत्रफळ नव्हे. स्फटिकशास्त्रज्ञ वुल्फ यांनी 1901 मध्ये त्याची भौमितिक रचना दिली: आलेखावरील प्रत्येक बिंदूतून, केंद्रापासून त्या बिंदूपर्यंतच्या त्रिज्येला लंब प्रतल काढावे आणि केंद्राभोवती, एकाही प्रतलाने न छेदलेला जो भाग उरतो, तो समतोल आकार समजावा.

ही रचना एकदा तरी हाताने, द्विमितीत करून पाहा; तिथे प्रतलांच्या जागी रेषा येतात. पृष्ठऊर्जा |cos θ| + |sin θ| घेतली (θ म्हणजे त्रिज्येचा दिशाकोन), तर आलेख वर्तुळांच्या चार कंसांचा येतो, आकार मात्र चौरस निघतो. 45 अंशांवर ऊर्जा सुमारे 1.41 असते आणि तिथली लंबरेषा चौरसाच्या कोपऱ्याला नुसती स्पर्श करते. त्या दिशेचा पृष्ठभाग आकारात का दिसत नाही, हे त्या एका रेषेतून जितके स्पष्ट होते तितके पानभर सिद्धतेतूनही होत नाही, असे माझे मत आहे. आलेखात जिथे टोकदार खाच असते, तिथे सपाट पैलू येतो.

प्रयोगशाळेतील मोठ्या स्फटिकाशी मात्र ही आकृती ताडू नका, कारण त्याचा आकार बहुधा वाढीच्या वेगाने ठरलेला असतो. समतोल गाठण्याइतके अणूंचे स्थलांतर प्रामुख्याने अतिसूक्ष्म कणांतच, पुरेशा तापमानाला घडते.