मुलाला गोव्याला पाठवताय? मग काम ठरवून पाठवा

दुबई असो, मस्कत असो, ब्रिटनमधलं स्विंडन असो की टोरांटो, सुट्ट्या जवळ आल्या की परदेशातल्या गोवेकर मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. कॉलेजचं वर्ष अर्धवट सुटलंय, खोलीचं दार दिवसभर बंद, जेवणाचं ताटही आतच जातं. काही विचारलं की "मला काहीच करावंसं वाटत नाही" एवढंच उत्तर. मग आईवडील ठरवतात, दोन महिने गावी पाठवू. आजीजवळ राहील, चवथ (गणेशचतुर्थी) बघेल, सुधारेल.

पाठवा, पण सुधारायला म्हणून नको. पोराच्या कानावर तो शब्द शिक्षा म्हणूनच पडतो, आणि गावात उतरल्यावर शेजारीपाजारी त्याच शिक्षेची रोज आठवण करून देतात: "आता काय करतोस? शिकणं सोडलंस म्हणे?" ज्या प्रश्नापासून तो पळत होता तोच इथे दिवसातून दहा वेळा. आठवडाभरात इथल्या खोलीचंही दार बंद होतं, फरक इतकाच की बाहेर पाऊस कोसळत असतो आणि वीज मधूनमधून जाते.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट तपासा. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास आहे किंवा आधी आवडणाऱ्या कशातच रस उरलेला नाही. जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे, "मी काही कामाचा नाही" असं बोलणं आहे. असं असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांची भेट, प्रवास नंतर. आणि सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती खोटी आहे, बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर "हो" असेल तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत मिळवा. मदतीचे फोन क्रमांक असे: अमेरिका आणि कॅनडात 988, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स 116 123, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन 13 11 14, भारतात टेलिमानस 14416. गावात कुळागर (सुपारीची बाग) किंवा शेती असेल तर कीटकनाशकाचे डबेही कुलपात जायला हवेत, हे आजोबांना फोन करून स्पष्ट सांगा. ही गोष्ट संकोचापायी राहून जाते.

नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर त्या इथे येऊन "बरं वाटतंय" म्हणून बंद करायच्या नाहीत. परिणाम दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात आणि एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोपेचा खेळखंडोबा होतो. पंचवीसच्या आतल्या मुलांमध्ये गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे बारीक लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे औषध नुकतंच सुरू झालं असेल तर प्रवास पुढे ढकला. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत द्या. तिथला समुपदेशक दुसऱ्या देशातून व्हिडिओवर भेटू शकतो का, तेही आधीच विचारा. परवान्याच्या नियमांमुळे अनेकांना ते करता येत नाही.

आता कामाचं. ध्येय सापडलं की माणूस उठून कामाला लागतो, असं आपण धरून चालतो आणि पोराला बसवून विचारतो, "तुला आयुष्यात करायचंय तरी काय?" खचलेल्या मनाकडे याचं उत्तर नसतं. उलट क्रमाने जावं लागतं: आधी हात हलतात, मग मन हलतं, आणि "हे मला जमतं, हे माझ्यामुळे कुणाला उपयोगी पडतं" असं पुरेशा वेळा अनुभवाला आलं की दिशा दिसू लागते. याचा एक भक्कम पुरावा गोव्यातलाच आहे. इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेच्या अभ्यासात, मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांना सहा ते आठ बैठकांत हेच शिकवलं: मनःस्थिती बदलण्याची वाट न बघता छोटी, ठरवलेली कृती करायची. तीन महिन्यांनी या लोकांची तब्येत केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्ट चांगली होती. निष्कर्ष डिसेंबर 2016 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापले.

घरी हे असं करता येतं. पहिला आठवडा फक्त नोंद. वहीत दिवसाचे तीन भाग, प्रत्येकात काय केलं आणि मन कसं होतं याला 0 ते 10 मधला आकडा. आकडे त्यानेच लिहायचे, तुम्ही वही उघडायची नाही. आठवड्याच्या शेवटी त्यालाच दिसतं की मोबाईलवर तीन तास गेले तेव्हा 2 होता आणि कुत्र्याला फिरवून आणलं तेव्हा 4. मग त्या चारवाल्या गोष्टींतल्या दोन निवडून वार, वेळ, जागा ठरवायची. "रोज व्यायाम करीन" हे ठरवणं नव्हे. "मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेआठला देवळापर्यंत चालत जाऊन यायचं" हे ठरवणं. जमणार नाही असं वाटलं तर निम्मं करा, आणि तरीही जड वाटलं तर त्याचंही निम्मं. इथे पालकांचा धीर सुटतो. वीस मिनिटांच्या चालण्याने काय होणार, असं वाटतं. पण मोठा संकल्प मोडला की "बघा, मला हेही जमत नाही" हा आणखी एक पुरावा त्याच्या हाती पडतो.

गोव्यात आल्यावर पहिले काही दिवस झोपेला द्या. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं. दुबई-मस्कतहून फरक दीड तासाचा, उन्हाळ्यात ब्रिटनहून साडेचार, टोरांटोहून साडेनऊ. म्हणजे टोरांटोचा मुलगा नऊ-दहा दिवस दुपारी बारापर्यंत झोपला तर तो आळस नव्हे. सकाळी उठला की अंगणात, उजेडात चहा, एवढं एकच पथ्य सांभाळायला आजीला सांगा.

त्यानंतरचं काम निवडताना कसोटी एकच: तो गेला नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. "बागेत जरा मदत कर" यात काहीच अडत नाही. आजोबांच्या औषधांचा आठवड्याचा डबा रविवारी संध्याकाळी भरायचा, यात अडतं. घराण्याची जुनी कागदपत्रं आणि फोटो स्कॅन करून नावं-वर्षं विचारून लिहायची, वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, दोन मुलांचं इंग्रजी वाचन घ्यायचं (त्यांच्या आईवडिलांसमोर, ओसरीवर), हीही चांगली कामं. मुलगी आली की तिला सरळ स्वयंपाकघरात ओढतात आणि मुलगा पाहुणा होऊन बसतो. दोन्ही टाळा.

चतुर्थीच्या आसपास येत असाल तर माटोळीसारखं काम नाही. देवासमोर वर टांगलेल्या लाकडी चौकटीला फळं-फुलं बांधायची. आदल्या दिवशी कुणातरी जाणत्या काकांबरोबर माटोळीच्या बाजारात पाठवा आणि यादी त्याच्या हातात द्या: नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कवंडळ, कांगुणी, तोरिंजन, निरफणस. कवंडळ दिसायला लालभडक सुंदर, पण विषारी, खायचं नाही, हे सांगायला विसरू नका. बांधताना जड फळं आधी, समोरासमोर. नारळ-निरफणस एका बाजूला आले की चौकट कलते आणि सगळं सोडून पुन्हा बांधावं लागतं. हलकं सामान शेवटी, मधल्या जागा भरायला. एकाने स्टुलावर, एकाने खालून द्यायचं. इथे कुणी "आता काय करतोस" विचारत नाही, "तो घोस दे" म्हणतात. मराठी मोडकीतोडकी असली तरी चालते, आणि दुसऱ्या दिवशी आलेला प्रत्येकजण मान वर करून त्याचं काम बघतो.

भाषेची लाज फारच असेल तर घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याचं चर्मवाद्य, शिकू द्या. उजव्या हाताने कातडं वाजवायचं, डावा तळवा मागच्या छोट्या तोंडावर उघड-मीट करत नाद घडवायचा. आरतीच्या ठेक्याला शब्द लागत नाहीत. महिनाभर आधी वाड्यावरच्या आरती मंडळाशी बोलून ठेवा आणि वाद्य बकरीच्या कातड्याचंच घ्या; घोरपडीचं कातडं कायद्याने बंद आहे.

वेळापत्रक मात्र बघा. ब्रिटनची विद्यापीठं बहुधा सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात, म्हणून त्या मुलांना चवथ साधते. शाळकरी मुलांना आणि आखातातल्यांना बहुतेक वर्षी नाही. टुरिस्ट व्हिसावर पगारी काम चालत नाही. दुचाकी तर बिलकुल नको, योग्य परवाना आणि हेल्मेट असल्याशिवाय. पावसाळ्यातले गोव्याचे रस्ते आणि हाताशी मिळणारी स्वस्त दारू ही जोडी वाईट. दारूबद्दल निघण्याआधीच, घरी, शांतपणे बोला. काकाने "घे रे थोडी" म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, तेही ठरवा.

येणं जमत नसेल तर हेच तिथे करा. महाराष्ट्र मंडळात किंवा भजनी मंडळात त्याला "ये" म्हणू नका, जबाबदारी द्या: ध्वनियंत्रणा, हिशेबाची वही, नाटकाचा पडदा. ओंटारियोत शाळेच्या पदविकेसाठी 40 तासांची समाजसेवा लागते. ते तास दहा ठिकाणी उधळण्यापेक्षा एकाच ठिकाणी, एकाच वारी, एकाच माणसाच्या हाताखाली पुरे होऊ द्या. ओळखणारं, वाट बघणारं, आईबाबा नसलेलं एक मोठं माणूस मिळणं, याचं मोल तासांच्या शिक्क्याहून जास्त आहे. ब्रिटनमधला ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार (14 ते 24 वयोगटासाठी सेवा, कौशल्य, व्यायामाचा उपक्रम) याच कारणाने उपयोगी: आठवड्याला साधारण एक तास, पण महिनोन् महिने.

बहुतेक घसरतात ते परतल्यावर. इथलं काम सुटलेलं, तिथलं सुरू नाही, आणि जुनी खोली तशीच. म्हणून गोव्यातलं एखादं काम मुद्दाम अर्धं ठेवून न्या: फोटोंची नावं लिहायची राहिलीत, ती दर रविवारी आजीला व्हिडिओ कॉल करून पुरी करायची. आजीला सांगून ठेवा की फोन आला नाही तर तिनेच लावायचा. डॉक्टरांची भेट परतीच्या पहिल्या दोन आठवड्यांतली, निघण्याआधीच घेऊन ठेवलेली. आणि तो पुन्हा दोन दिवस खोलीबाहेर आला नाही, तर "एवढा खर्च केला, सगळं पाण्यात" हे वाक्य गिळा. दाराशी जाऊन विचारा, "या आठवड्यातलं निम्मं काय करता येईल?"