औषध संपले की लघवीचा त्रास पुन्हा का सुरू होतो?

प्रश्न : आमची कुत्री दहा महिन्यांची आहे. गेल्या पाच महिन्यांत तिला तीन वेळा लघवीचा संसर्ग झाला. अशा वेळी ती सारखी बाहेर जाण्याचा हट्ट धरते, बसून जोर करते आणि चार थेंब पडतात. मागच्या खेपेला रक्तही दिसले. गोळ्या सुरू केल्या की दोन दिवसांत ती खेळू लागते, पण गोळ्या संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत सारे पहिल्यासारखे होते. तिच्या अंथरुणावरची चादर सकाळी बहुधा ओली असते, पण ती सवय तिला आमच्याकडे आल्यापासूनच आहे. आमच्या स्वच्छतेत काही कमी पडते आहे का? अधिक दिवस गोळ्या, क्रॅनबेरीची पावडर किंवा निर्बीजीकरण यांपैकी कशाने हा त्रास कायमचा थांबेल?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. झोपेत चादर ओली होणे ही सवय नसते. जागेपणी बाहेर जाण्याचा हट्ट धरणारे पिल्लू झोपेत नकळत ओले होत असेल, आणि तेही अगदी लहानपणापासून, तर मूत्रमार्गाच्या रचनेत जन्मतःच काही दोष आहे का, हे आधी पाहायला हवे. पुढच्या भेटीत पशुवैद्यकांना ही गोष्ट सर्वांत आधी सांगा, कारण तुम्ही सांगितल्याशिवाय ती त्यांना कळणार नाही.

मूत्रपिंडातून निघालेल्या दोन मूत्रवाहिन्या मूत्राशयात उघडतात आणि लघवी तिथे साठते. काही पिल्लांमध्ये यांपैकी एक किंवा दोन्ही वाहिन्या मूत्राशयाला वळसा घालून पुढे मूत्रनलिकेत किंवा योनिमार्गात उघडतात, आणि लघवी साठण्याआधीच झिरपत राहते. एकच वाहिनी चुकीच्या जागी उघडत असेल, तर दुसऱ्या बाजूची लघवी नीट साठते, पिल्लू बाहेर जाऊन व्यवस्थित लघवी करते आणि घरच्यांना शंका येत नाही. हा दोष माद्यांमध्ये अधिक आढळतो. गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडॉर आणि हस्की या जातींमध्ये तो विशेष दिसतो. अशा मार्गात जंतूंना वर चढणे सोपे जाते, म्हणून गोळ्यांनी जंतू मेले तरी वाट मोकळीच राहते. तुमच्या कुत्रीला हाच दोष आहे असे तिला न पाहता मी म्हणणार नाही. पण तो नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय चौथ्यांदा गोळ्या सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षभरात तीन वेळा संसर्ग झाला, तर तो वारंवार होणारा संसर्ग मानला जातो आणि अशा वेळी मूळ कारण शोधणे हाच उपचाराचा मुख्य भाग ठरतो. सुरुवात लघवीच्या कल्चरने करावी. त्यासाठीचा नमुना सोनोग्राफीत पाहत, पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातून घेतात. ऐकताना भीती वाटते, परंतु बहुतेक कुत्री रक्त काढण्याइतक्याच शांतपणे ते सहन करतात, आणि वाटीत धरलेल्या लघवीत मिसळणारे त्वचेवरचे जंतू या नमुन्यात येत नाहीत. नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्यावा, आणि तो लगेच प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल तर थंड ठेवावा. कल्चरमुळे जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध चालते, हे दोन्ही कळते. दर वेळी तोच जंतू त्याच स्वरूपात सापडला तर तो आत कुठेतरी दडून राहत असावा, आणि दर वेळी वेगळा सापडला तर बाहेरून नव्याने शिरत असावा, असा अंदाज बांधता येतो.

दडून राहण्याची एक नेहमीची जागा म्हणजे मुतखडा. कुत्र्यांमधील स्ट्रुव्हाइट जातीचे खडे बहुधा संसर्गामुळेच होतात. काही जंतू युरियाचे विघटन करून लघवी अल्कधर्मी करतात, खडा तयार होतो आणि ते जंतू खड्यातच सुरक्षित राहतात. हे खडे विशेष आहार आणि प्रतिजैविक यांनी काही आठवड्यांत विरघळू शकतात, ऑक्झलेटचे मात्र विरघळत नाहीत. युरेटचे खडे एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाहीत, म्हणून सोनोग्राफीही करावी. लहान वयात असा खडा सापडला तर यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी आहे का, हेही तपासावे लागते. योनिमुख त्वचेच्या घडीत झाकलेले असेल तर तिथे ओल साचते; ते तपासायला एक मिनिट पुरते, तरीही अनेकदा राहून जाते.

मूत्रवाहिनीच्या दोषाची खात्री सीटी स्कॅनने किंवा दुर्बिणीने होते. वाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून जात असेल तर दुर्बिणीतूनच लेझरने तो मार्ग दुरुस्त करता येतो, अन्यथा शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतरही काही कुत्र्यांची लघवी थोडी गळत राहते आणि त्यासाठी औषध द्यावे लागते, याची कल्पना आधीच असलेली बरी.

आता तुमच्या उपायांविषयी. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला 3 ते 5 दिवसांचे योग्य प्रतिजैविक पुरते, असे 2019च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण न शोधता दिवस वाढवत गेल्यास औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे मागे उरतात. एन्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे वाढत्या वयात सांध्यांच्या कूर्चेला अपाय करू शकतात, म्हणून घरातील उरलेल्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. क्रॅनबेरीविषयी भरवशाचा पुरावा नाही. निर्बीजीकरणाने रचनेतला दोष दुरुस्त होत नाही, उलट त्यानंतर काही माद्यांमध्ये लघवी गळण्याचा त्रास सुरू होतो; म्हणून निदान होईपर्यंत ते पुढे ढकलावे. झाकलेले योनिमुख पहिल्या माजानंतर काही वेळा आपोआप सुधारते, हेही थांबण्याचे एक कारण आहे.

तुमच्या स्वच्छतेला दोष देऊ नका. तिला भरपूर पाणी द्या, दिवसा दर चार-पाच तासांनी आणि झोपण्याआधी बाहेर न्या, ओली चादर लगेच बदला आणि मागचा भाग कोरडा ठेवा. घर ओले केले म्हणून तिला रागावू नका. तिला ते आवरता येत नाही. जोर करूनही लघवी मुळीच होत नसेल, किंवा ताप, उलट्या आणि मरगळ दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणसांची वेदनाशामके तिला कदापि देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

प्रश्न : आमचा कुत्रा चौदा महिन्यांचा आहे. त्याला काहीही त्रास नाही, पण नेहमीच्या तपासणीत लघवीत जंतू आढळले. औषध सुरू करावे का?

उत्तर : लक्षणे नसताना केवळ जंतू सापडले म्हणून निरोगी कुत्र्याला प्रतिजैविक देण्याची सहसा गरज नसते. नमुना जमिनीवरून किंवा वाटीत धरून घेतलेला असेल, तर ते जंतू मूत्राशयातले असतीलच असेही नाही. त्याला पुढे खरोखर त्रास झाला आणि त्याचे निर्बीजीकरण झालेले नसेल, तर प्रोस्टेट ग्रंथी तपासून घ्या. तिथला संसर्ग थोड्या दिवसांच्या औषधाने बरा होत नाही, आणि त्यासाठी त्या ग्रंथीत पोहोचणारे प्रतिजैविक निवडावे लागते.