पळायचं सोडू काय, मॅडम?

"झोप लागत नाही, चिडचिड होते," एवढंच सांगून ते बसले. वय ५८, बँकेत नोकरी, पहाटे रंकाळ्याभोवती पळायची जुनी सवय. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) खोदून विचारल्यावर कळलं, झोप लागते, पण टिकत नाही. रात्रीत तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. बाईमाणसासमोर हे बोलायचं म्हणून ते सगळा वेळ खिडकीकडे बघत होते. शेवटी बायकोच म्हणाली, "पाणी प्यायचं बंद केलंय, तेबी सांगा की."

खरा घोळ तिथंच होता. पळताना मधेच घाई लागते, थांबलं की ग्रुपमधली पोरं चेष्टा करतात. मग आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद, आणि पळून आल्यावर कडक चहा दोनदा. घामानं पाणी आणखी कमी होतं, लघवी पिवळीजर्द होते, मूत्राशय चिडतं आणि घाई वाढते. चहाही त्यात भरच घालतो.

"पळून पळूनच प्रोस्टेट वाढलं काय? का कॅन्सर आहे?" असं त्यांनी विचारलं. (प्रोस्टेट म्हणजे पुरुषांत मूत्राशयाखाली असणारी ग्रंथी; ती वाढली की लघवीच्या वाटेवर दाब येतो.) त्यांची झोप मोडायला खरं तर हा दुसरा प्रश्नच पुरेसा होता. पळण्यानं प्रोस्टेट वाढत नाही. वयाबरोबर ते वाढतं, साठीच्या आसपास हे सर्रास दिसतं, आणि त्या साध्या वाढीचा कॅन्सर होत नाही. पण नुसत्या लक्षणांवरून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. तेव्हा म्हटलं, "साहेब, मी धीर देईन, पण तपासणी युरोलॉजिस्टकडेच, म्हणजे लघवीच्या आजारांच्या डॉक्टरांकडेच."

जाण्याआधी तीन दिवस वहीत लिहायला सांगितलं: किती वाजता काय प्यायलात, किती वाजता लघवी, मापाच्या मगात किती. डॉक्टरांनी लघवीच्या त्रासाची सात प्रश्नांची गुणपत्रिका भरून घेतली. ती ३५ गुणांची असते आणि ८ ते १९ म्हणजे मध्यम त्रास. यांचे १५ आले. लघवी, साखर, सोनोग्राफी, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) हे सगळं झालं. साखर यासाठी, की मधुमेहातही वारंवार लघवी होते. पीएसएच्या आधी दोन दिवस सायकल, जोराचा व्यायाम आणि शरीरसंबंध टाळायचे असतात, नाहीतर आकडा उगाच वाढून नवी धास्ती बसते.

यांची वाढ साधीच निघाली. टॅमसुलोसिन, म्हणजे लघवीची वाट सैल करणारं औषध, सुरू झालं. त्यानं उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून पहिले काही दिवस एकट्यानं पळू नका, असं बजावलं. पाणी दिवसा भरपूर, झोपण्याआधी दोन-तीन तास कमी. पळायला निघताना लघवी करायची, मिनिटभर थांबून पुन्हा एकदा. सर्दीची गोळी दुकानातून परस्पर घ्यायची नाही, काही गोळ्यांनी लघवी तुंबते.

लघवी अजिबात होईना किंवा थंडी वाजून ताप आला, तर थेट दवाखाना गाठायचा. लांब पळून आल्यावर लघवीतून रक्त गेलं आणि दोन दिवसांत थांबलं, तरी या वयात ते दाखवायचंच.

पळणं चालू आहे. रात्री अजून एकदा उठतात, डॉक्टरांची त्याला हरकत नाही.