दहाव्या महिन्याची धाकधूक

मावशी, लग्नाला बारा वर्षं झाली आणि घरं आठ. कळवा, डोंबिवली, ऐरोली, नेरूळ, पुन्हा कळवा... सगळी भाड्याची. गेल्या दसऱ्याला घोडबंदर रोडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. खूश असायला हवं, पण गेले काही दिवस छातीत धडधडतं. टीव्ही, मिक्सरचे खोके अजून कपाटावर जपून ठेवलेत. घड्याळ फ्रिजवर आडवं पडलंय. एकदा खिळा ठोकायला घेतला तर तो वाकला. वाटलं, या भिंतीलाही आपण नकोत. नवरा म्हणतो, ‘आता आणखी काय हवंय तुला?’ परवा मुलीने विचारलं, ‘आई, हे घर किती महिन्यांचं?’ मला उत्तर देता आलं नाही.

– एक वाचक, ठाणे

पोरी,

तुझं पत्र वाचता वाचता मी बोटांवर महिने मोजले. दसरा ते आता श्रावण, म्हणजे दहावा महिना चालू आहे. बारा वर्षं, भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराचा दहावा महिना लागला की तुझ्या घरात काय व्हायचं, आठव. एजंटचा फोन, ‘मालक भाडं वाढवतोय’ किंवा ‘मालकाला जागा विकायचीय’, मग रविवारी उन्हातून जागा बघत फिरणं, डिपॉझिटमधून रंगाचे किती कापतील याची काळजी. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी करून नोंदवावाच लागतो, तरी आपल्याकडे अकराचा आकडा काही सुटत नाही. तो तुझ्या अंगात मुरलाय. कर्ज तुमच्या नावावर आहे, इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, तुमच्या नावाचा आहे, हे डोक्याला कळतं. छातीला अजून कळलेलं नाही. तू कृतघ्न नाहीस, आणि घरातही काही खोट नाही.

आता खिळ्याचं. तुझ्या पत्रातलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. अगं, तिकडच्या नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी भिंती विटांच्या नसतातच, आख्ख्या काँक्रीटच्या ओततात. हातोडीने साधा खिळा त्यात कुणाचाच जात नाही. तिथे हॅमर ड्रिल लागतं, सहा एमएमचं भोक, त्यात प्लास्टिकचा प्लग आणि वर स्क्रू. वॉचमनला सांग, तो इलेक्ट्रिशियन पाठवेल. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू देऊ नकोस, तिथून वायर गेलेली असते. भिंतीने तुला नाकारलं नाही गं. तुझ्या हातात हत्यार चुकीचं होतं, एवढंच.

खोक्यांची घाई नको. लोक म्हणतील, फेकून दे, मोकळं वाटेल. मला नाही पटत. भीती असताना फेकलेस तर रात्री उठून तेच आठवेल. अकरावा महिना उलटू दे. दसऱ्यापासून मोजलं तर तो गणपतीच्या दिवसांत भरतो. तुमच्याकडे गणपती बसत नसला, तरी त्या दिवशी कळव्याच्या जुन्या शेजारणीला जेवायला बोलाव. तिने नवं घर पाहिलेलं असलं की जुनी घरं तुटल्यासारखी वाटणार नाहीत. खोके त्यानंतर रद्दीवाल्याला दे.

तोवर एक गोष्ट कर. शनिवारी मुलीला घेऊन ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. 1893 पासून ते या शहरात आहे. तिच्यासाठी वर्गणी भर. ‘पुन्हा जागा बदलली तर’ म्हणून आजवर अशा किती गोष्टी तू टाळल्या असशील. मतदार यादीतला पत्ताही बदलून घे, आठ नंबरचा फॉर्म असतो. वरवर ही कागदपत्रं आहेत, पण पुढच्या वर्षीही आपण इथेच असणार, हे त्यात तुझ्याच हाताने लिहिलेलं असेल.

नवऱ्याशी भांडू नकोस. हे महिन्यांचं गणित त्याच्यासमोर मांड. त्यानेही आठ वेळा सामान उचललंय, त्याच्याही मनात काहीतरी असेल. आणि झोप रोज मोडत असेल, जेवण जात नसेल, तर गणपतीची वाट पाहू नकोस. डॉक्टरांना दाखव, किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोल.

मुलीचा प्रश्न मात्र आजच सोडव. ‘कायमचं’ म्हणू नकोस, तो शब्द तिला मोजता येणार नाही. तिला सांग, ‘तुझी दहावी याच घरातून होणार.’ मग घड्याळ फ्रिजवरून उतरव, तिच्या हातात पेन्सिल दे आणि कुठे लावायचं ते भिंतीवर तिलाच खूण करू दे. ड्रिलवाला आला की त्याच खुणेवर भोक पाडायला सांग.

– तुझी मावशी