एकही लढत न हरलेला बॉक्सर सर्वश्रेष्ठ का मानला जात नाही?

आपला प्रश्न असा आहे की, फ्लॉइड मेवेदरने ५० पैकी ५० लढती जिंकलेल्या असताना बॉक्सिंगचे जुने रसिक त्याच्याआधी शुगर रे रॉबिन्सन किंवा मुहम्मद अली यांचे नाव का घेतात, आणि एकदाही न हरणे हा मोठेपणाचा सर्वांत सरळ पुरावा नव्हे काय. मी स्वतः कधी रिंगमध्ये उतरलेलो नाही. जुन्या लढतींची चित्रणे आवाज बंद करून पाहायची आणि प्रत्येक फेरीचे गुण कागदावर मांडत जायचे, एवढाच माझा या खेळाशी संबंध. पण तो बराच जुना आहे, आणि त्यातून बनलेले मत पुढे मांडतो.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे लागेल की व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये कोण कोणाशी खेळणार हे ठरवणारे वेळापत्रक नसते. फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत प्रत्येक संघाला इतर प्रत्येक संघाशी खेळावेच लागते. येथे मात्र प्रतिस्पर्धी निवडला जातो, आणि तो निवडण्यात बॉक्सर, त्याचा व्यवस्थापक, लढत भरवणारा प्रवर्तक आणि प्रक्षेपण करणारी वाहिनी अशा सर्वांचा हात असतो. होतकरू खेळाडूच्या सुरुवातीच्या पंधरा-वीस लढती तर बहुधा अशा प्रतिस्पर्ध्यांशी लावल्या जातात, ज्यांच्याकडून जिंकण्याची कोणाचीच अपेक्षा नसते. पुढे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संस्थांचे जगज्जेतेपदाचे चार वेगवेगळे पट्टे असल्यामुळे एकाच वजनगटातले दोन विजेते अनेक वर्षे एकमेकांसमोर न येता 'जगज्जेते' म्हणून मिरवू शकतात. पराभवाच्या रकान्यातील शून्य जितके लांबते तितकी त्याची बाजारातील किंमत वाढते आणि किंमत वाढली की ते पणाला लावण्याची इच्छा कमी होते. म्हणून एखाद्याच्या कारकिर्दीत शून्य दिसले की मी आधी ते कोणाविरुद्ध आणि कोणत्या वर्षी राखले गेले, ते पाहतो.

याचे अलीकडचे आणि मला सर्वांत जास्त खटकलेले उदाहरण म्हणजे टेरेन्स क्रॉफर्ड आणि एरल स्पेन्स यांची लढत. २०१८ च्या मध्यापासून दोघेही १४७ पौंडांच्या वेल्टरवेट गटात विजेते होते, दोघेही अपराजित होते आणि कोण श्रेष्ठ हा प्रश्न दर महिन्याला नव्याने विचारला जात होता. ही लढत झाली २९ जुलै २०२३ रोजी. दरम्यान स्पेन्सला २०१९ मध्ये भीषण मोटार अपघात झाला होता आणि २०२१ मध्ये त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली होती. क्रॉफर्डने त्याला तीनदा खाली पाडून नवव्या फेरीत लढत संपवली, आणि ती कामगिरी इतकी निर्दोष होती की तिच्यात उणे काढणे माझ्या जिवावर येते. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यातील स्पेन्सविरुद्ध काय झाले असते, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. त्याचा दोष क्रॉफर्डच्या मुठींकडे जात नाही. दोन शून्ये सांभाळण्यात पाच वर्षे गेली, एवढेच.

मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या बाबतीत हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. २००९ च्या अखेरीस बोलणी सुरू झाली, उत्तेजक चाचणीच्या अटींवरून फिसकटली, आणि अखेर २ मे २०१५ रोजी ते समोरासमोर आले तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा व पॅकियाओ ३६ वर्षांचा होता. मधल्या काळात, डिसेंबर २०१२ मध्ये, हुआन मॅन्युएल मार्केझच्या एका उजव्या ठोशाने पॅकियाओ तोंडावर कोसळून निश्चल पडला होता. मेवेदर २०१५ ची ती लढत स्पष्टपणे जिंकला, माझ्या कागदावरही तोच पुढे होता. पण ज्या पॅकियाओविषयी सर्वांना कुतूहल होते तो रिंगमध्ये आलाच नव्हता. आणि पन्नासावा विजय? तो मिश्र मार्शल आर्ट्समधल्या कॉनर मॅकग्रेगरवर, म्हणजे त्या रात्रीपर्यंत एकही व्यावसायिक बॉक्सिंग लढत न खेळलेल्या माणसावर. अपराजित निवृत्त झालेल्या रॉकी मार्सियानोच्या ४९ विजयांच्या पुढे जाण्यासाठी ही लढत मोजली जावी, हे मला आजही थोडे हास्यास्पद वाटते. अर्थात मार्सियानोचे आकडेही निर्भेळ नाहीत. १९५१ मध्ये त्याने हरवलेला माजी हेवीवेट विजेता जो लुई ३७ वर्षांचा होता आणि केवळ नावाने पूर्वीचा लुई होता.

आता रॉबिन्सनकडे वळू. फेब्रुवारी १९४३ मध्ये तो जेक लामोटाकडून डेट्रॉइट येथे हरला. तोपर्यंत त्याने सलग ४० लढती जिंकलेल्या होत्या. आजच्या काळात असा पराभव झाल्यावर पुनरागमनाची भाषा सुरू होते, एखाद-दोन सोप्या लढती लावल्या जातात आणि वर्षभराने खेळाडू पुन्हा दिसतो. रॉबिन्सन तीन आठवड्यांनी त्याच शहरात त्याच लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला. लामोटा त्याच्यापेक्षा वजनाने जड होता. दोघे एकूण सहा वेळा लढले, त्यांतील पाच लढती रॉबिन्सनने जिंकल्या. त्या एका पराभवानंतर तो सलग ९१ लढती हरला नाही, आणि जुलै १९५१ मध्ये रँडॉल्फ टर्पिनने लंडनमध्ये त्याला हरवले तेव्हा सप्टेंबरमध्ये त्याने आपला पट्टा परत मिळवला. त्याच्या कारकिर्दीत १९ पराभव आहेत आणि त्यांतील बरेचसे चाळिशीच्या आसपास, पाय जड झाल्यानंतरचे आहेत. ५० विरुद्ध शून्य हा आकडा ज्यांना थोर वाटतो, त्यांनी सुमारे दोनशे लढतींची ही कारकीर्द एकदा वर्षावार वाचून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

जिंकणे-हरणे म्हणून जे कागदावर लिहिले जाते, ते तरी नेहमी खरे असते काय? लढत नॉकआउटने संपली नाही तर निर्णय रिंगभोवती बसलेल्या तीन पंचांच्या हाती जातो. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुधा ९ गुण. खाली पडल्यास आणखी एक गुण कमी. पद्धत सोपी आहे, माणसे मात्र सोपी नाहीत. १० सप्टेंबर १९९३ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या अलामोडोम स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर हुलिओ सेझार चावेझ आणि पर्नेल व्हिटेकर यांची लढत झाली, तेव्हा चावेझचे खाते ८७ विजय व शून्य पराभव असे होते. डावखुऱ्या व्हिटेकरने त्या रात्री जे केले ते मी किमान दहा वेळा पाहिले असेल. चावेझचे सगळे सामर्थ्य प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला चिकटून बरगड्यांखाली ठोसे मारण्यात होते, आणि व्हिटेकरने त्याच्यापासून पळ काढण्याऐवजी अनेकदा त्याच जवळच्या अंतरावर उभे राहून, गुडघे वाकवून, खांदा त्याच्या छातीत रोवून त्याला मात दिली. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर चावेझ हवेत ठोसे मारताना दिसतो आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, गोंधळ आहे. माझ्या गुणपत्रिकेत व्हिटेकरने आठ किंवा नऊ फेऱ्या जिंकल्या. दोन पंचांनी ११५-११५ अशी बरोबरी दिली, तिसऱ्याने व्हिटेकरला अवघ्या दोन गुणांनी पुढे ठेवले, आणि लढत अनिर्णित जाहीर झाली. चावेझ अपराजित राहिला तो अशा रीतीने! चार महिन्यांनी फ्रँकी रँडॉलने त्याला खाली पाडून उघडपणे हरवले, पण माझ्यासाठी ते शून्य टेक्सासमध्येच पुसले गेले होते. व्हिटेकरच्या खात्यावर मात्र त्या उत्कृष्ट रात्रीसाठी विजयाचा आकडा नाही.

पंचांवर असा राग काढताना आपलेही कान धरायला हवेत. एप्रिल १९८७ मधील शुगर रे लेनर्ड आणि मार्व्हिन हॅगलर ही लढत मी पहिल्यांदा समालोचनासह पाहिली आणि लेनर्ड सहज जिंकला असे समजलो. फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो धडाधड ठोसे मारायचा, प्रेक्षक ओरडायचे आणि मी त्यालाच फेरी देत असे. पुढे आवाज बंद करून पाहिल्यावर त्यातले बरेच ठोसे हॅगलरच्या हातांवर पडलेले दिसले, आणि आता माझा हिशेब सहा-सहा फेऱ्यांवर येऊन थांबतो. एका पंचाने लेनर्डला ११८-११० असे पुढे ठेवले होते, ते मला कोणत्याच वेळी पटले नाही. हॅगलरला परतीची, म्हणजे लेनर्डशीच पुन्हा एक, लढत मिळाली नाही. तो पुन्हा कधीच लढला नाही.

म्हणूनच पराभवापेक्षा पराभवानंतरच्या करारावर कोणाचे नाव आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. या बाबतीत हेवीवेट विजेता लेनॉक्स लुईस याला मी फार वर ठेवतो. १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलने त्याला वेम्बलीत दुसऱ्या फेरीतच गारद केले आणि २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने पाचव्या फेरीत. दुसऱ्या पराभवाचे कारण लुईसचा स्वतःचा निष्काळजीपणा होता, यात शंका नाही. पण रहमानशी परतीची लढत मिळावी म्हणून तो न्यायालयात गेला, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये त्याने रहमानला चौथ्या फेरीत असे झोपवले की ते चित्रण थांबवून पाहावेसे वाटते. मॅकॉललाही त्याने पुन्हा गाठले होते. ती लढत फार विचित्र झाली, मॅकॉल रिंगमध्ये रडू लागला आणि लढेनासा झाला, त्यामुळे तिचे समाधान लुईसलाही मिळाले नसावे. इव्हँडर होलीफिल्डबरोबरची मार्च १९९९ ची लढत उघड अन्याय करून बरोबरीत सोडवली गेली, तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईसने ती बाकीही चुकती केली. ज्याला हरवलेले नाही असा एकही प्रतिस्पर्धी मागे न ठेवता तो निवृत्त झाला. दोन पराभव असलेले हे खाते मला अनेक शून्यांपेक्षा भरीव वाटते.

माझ्या या मताला ओलेक्सांद्र उसिकने चांगलाच शह दिला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो अपराजित आहे, आणि ते शून्य त्याने कधी घरात जपून ठेवलेले नाही. पोलिश ग्लोवात्स्कीला पोलंडमध्ये, लॅटव्हियाच्या ब्रिएडिसला रिगामध्ये, रशियाच्या गासिएव्हला मॉस्कोमध्ये, इंग्लंडच्या बेल्यूला मँचेस्टरमध्ये आणि जोशुआला लंडनमध्ये हरवून हा माणूस वर आला. क्रूझरवेटमधून त्यावरच्या, सर्वांत जड अशा हेवीवेट गटात जाऊन मे २०२४ मध्ये त्याने आपल्यापेक्षा जवळपास ४० पौंडांनी जड असलेल्या टायसन फ्युरीला हरवले. निकाल दोन पंच विरुद्ध एक असा लागला, म्हणून डिसेंबरमध्ये तो पुन्हा फ्युरीसमोर गेला, आणि या वेळी तिन्ही पंचांनी ११६-११२ असे समान गुण दिले. पहिल्या लढतीच्या मधल्या फेऱ्यांत फ्युरी त्याच्या पोटावर खालून ठोसे मारत हसत होता. उसिक काही न बोलता अर्धे पाऊल डावीकडे सरकत राहिला आणि नवव्या फेरीत त्याने फ्युरीला रिंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झोकांड्या खायला लावत नेले. अपराजित असणे आणि मोठे असणे एकत्र नांदू शकतात, हे मला त्याच्याकडे पाहून मान्य करावे लागते.

राहिला मेवेदर. बचावात त्याच्याइतका शहाणा बॉक्सर मी पाहिलेला नाही. पुढचा खांदा वर उचलून ठोसा त्यावरून घरंगळत जाऊ द्यायचा आणि त्याच क्षणी उजव्या हाताने उत्तर द्यायचे, हे तो बारा फेऱ्या न चुकता करत असे. २०१३ मध्ये २३ वर्षांच्या कानेलो अल्वारेझला त्याने ज्या सहजतेने निष्प्रभ केले, त्यात एका पंचाला बरोबरी कोठे दिसली हे मला अजून उमगलेले नाही. तरी त्याचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी मला एकच जागा दाखवायची असेल तर मी २० एप्रिल २००२ ची होसे लुईस कास्तियोविरुद्धची लढत दाखवीन. मेवेदर त्या रात्री १३५ पौंडांच्या गटात नव्यानेच आला होता. कास्तियोने त्याला दोरांवर रेटले, पोटावर मारले, त्याची लय पार मोडली, आणि माझ्या कागदावर प्रत्येक वेळी कास्तियो दोन फेऱ्यांनी जिंकतो. तिन्ही पंचांनी निकाल मेवेदरला दिला. तो तेथेच विषय मिटवू शकला असता. पण त्याच डिसेंबरमध्ये त्याने कास्तियोला पुन्हा बोलावले, जास्त चालत, जास्त जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) मारत, आणि ती लढत थोड्या पण निर्विवाद फरकाने जिंकली. रॉबिन्सनच्या खाली, व्हिटेकरच्या शेजारी मी त्याला जागा देतो, ती या आठ महिन्यांसाठी.