५० हजारात पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, किती मेगापिक्सल आणि किती एक्स झूम बघावा?

तुमच्या प्रश्नात बजेट आहे, मेगापिक्सल आहे, झूम आहे, पण फोटो कशाचे काढायचेत हेच नाही. अन् हे झूमचं पुराण मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर न लिहिता पुढं जाता येईना.

मेगापिक्सलचं आधी संपवतो. १२ बाय ८ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढायला ३६०० गुणिले २४०० पिक्सल लागतात, म्हणजे साडेआठ मेगापिक्सलच्या आसपास. दुकानात आज जो कॅमेरा उचलाल तो याच्या वरच असतो. झाला विषय.

आता झूम. मी जिंतूरचा, चारठाण्याच्या जुन्या मंदिरांचे, बारवेचे, वाड्यातल्या लाकडी खांबांचे फोटो काढायचा नाद आहे. परभणीतल्या एका जणाकडून निकॉनची डी७००० बॉडी सेकंडहँड घेतली, २०१० चं मॉडेल, १६ मेगापिक्सल, अन् वाचलेल्या पैशात झूम न होणारी ३५ एमएम एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त). चार महिने वाचून, विचारून, ठरवून घेतलेली वस्तू होती. दिवाळीला आक्का अन् दाजी आले. दाजी पुण्यात कंपनीत, त्यामुळं आमच्या घरात कुठल्याबी मशीनबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी त्याच दिवाळीत नवीन ब्रिज कॅमेरा (लेन्स न निघणारा, लांब झूमचा) घेतला होता, ऐंशीच्या वर एक्स झूमवाला, किंमत माझ्या बॉडी अन् लेन्सपेक्षा जास्त. माझा हातात घेतला, रिंग फिरवून बघितली अन् सगळ्यांसमोर म्हणाले, "कामून जुना माल घेतलास रे? अन् याला झूमच नाही? मग मोबाईल काय वाईट होता?" रात्री गच्चीवर नेऊन पोरांना त्यांनी चंद्रावरचे खड्डे दाखवले, पोरं खूश, अन् आमचे वडील मला म्हणाले, दाजींना विचारून घ्यायचं ना. हे मला लई लागलं. दाजींचं नाही तेवढं वडिलांचं लागलं.

त्याच सुट्टीत सगळे मिळून अजिंठ्याला गेलो. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाड्या लावायच्या, तिथून बसनं लेण्यांपर्यंत. (सोमवारी लेणी बंद असतात, नव्यानं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) एक नंबरच्या लेण्यात शिरलं की बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्याला आधी काहीच दिसत नाही. फ्लॅशला बंदी, कारण त्या उजेडानं चित्रांचे रंग खराब होतात, अन् आत मुद्दाम मंदच दिवे ठेवलेत. ट्रायपॉड लावायची सोय नाही, मागून गर्दी रेटायलीय, राखणदार पुढं चला म्हणायलाय. अशात गाभाऱ्याच्या डाव्या बाजूला पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र. दाजींनी लांबूनच झूम करून चेहरा पकडला. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स वाइडला एफ/२.८ असते, पण झूम लांबवला की ६.५ वर जाते, म्हणजे उजेड यायची वाट बारीक होत जाते. सेन्सर, म्हणजे आत उजेड टिपणारा भाग, तर आधीच इवलासा, साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटर. मग कॅमेऱ्यानं आपल्या मनानं आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवला अन् फोटोत नुसते दाणे. नाकाची रेघ कुठं संपते अन् भिंत कुठं सुरू होते ते कळेना. माझा सेन्सर साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा, क्षेत्रफळ काढून बघा, तेरा पटीच्या आसपास जातंय. त्यात १.८ ची लेन्स. आयएसओ १६००, शटर १/४० सेकंद, कोपरं छातीला दाबून श्वास धरला अन् काढला. पापणीची रेघ आली, मुकुटाचं नक्षीकाम आलं, हातातलं कमळ आलं, भिंतीला पडलेल्या चिरा पण आल्या.

बाहेर झाडाखाली जेवायला बसलो तेव्हा दाजी म्हणाले, तू एडिट केला असशील. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच दाखवला, तिथं कुठलं एडिटिंग? तर म्हणे, "लेणीत अंधार होता म्हणून, बाहेर असतं तर दाखवलं असतं."

अहो, पण तेच तर सांगायलोय ना. माणूस आयुष्यात फोटो कुठं काढतो? बारसं घरात, हळद मांडवात, लग्न रात्री, देव गाभाऱ्यात, म्हातारं माणूस खिडकीजवळच्या बाजेवर. सगळीकडं उजेड कमीच. चंद्राचे खड्डे किती दिवस बघणार? विहिरीला पाणी नसताना पाच एचपीची मोटार बसवावी तसं आहे हे, बारीक सेन्सरवर ढीगभर मेगापिक्सल अन् वर ऐंशी एक्स झूम. दुकानदार हेच दोन आकडे सांगतो कारण डब्यावर हेच दोन आकडे मोठ्या अक्षरात छापलेले असतात. सेन्सर "१/२.३ इंच" असा लिहितात, ते वाचून कोणाला काय कळणार? मिलिमीटरमध्ये किती ते विचारा.

तर तुमच्या ५० हजारांचं. माझं सरळ मत, एपीएस-सी सेन्सरची (माझ्या डी७००० एवढ्या) बॉडी घ्या, जुनी चालेल, अन् एक १.८ ची लेन्स घ्या. सोबत येणारी १८-५५ किट लेन्स वाईट नाही, दिवसा छान चालते, पण झूम केली की ५.६ वर जाते अन् १.८ च्या मानानं उजेड दहा पट कमी. लोक बॉडीवर सगळा पैसा घालतात अन् वर्षानुवर्षं किट लेन्सवरच राहतात, हे मला बघवत नाही.

डीएसएलआर (आत आरसा असलेला) का मिररलेस (आरसा नसलेला), हा वाद मी घालत नाही. कॅनन-निकॉनचं नवीन सगळं काम आता आरएफ अन् झेड माउंटवर, म्हणजे मिररलेसच्या लेन्सांवर, चाललंय हे खरं, नवीनच घ्यायचा तर मिररलेसच घ्या. पण त्यामुळंच डीएसएलआरच्या चांगल्या लेन्सा सेकंडहँडला स्वस्त मिळायल्यात, अन् बॅटरीच्या बाबतीत डीएसएलआर अजून राजा आहे, निकॉन डी३५०० एका चार्जिंगमध्ये १५५० फोटो देतो असं कंपनीचंच रेटिंग आहे, छोट्या मिररलेसला तीन-चारशेवर दुसरी बॅटरी लागते. गावाकडं दिवसभर कार्यक्रम, लाइटचा भरवसा नाही, तिथं हे कळतं.

निकॉन घेणार असाल तर एक नीट बघा. डी३०००, डी५००० च्या घरातल्या बॉड्यांत फोकसची मोटार नसते, त्यांना ५० एमएमची "डी" लेन्स लावली तर ऑटोफोकस होत नाही, "जी" घ्यावी लागते. दुकानदार स्वस्त म्हणून डी गळ्यात मारतो अन् घरी आल्यावर माणूस म्हणतो लेन्स खराब निघाली.

सेकंडहँड घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, बघाच. एन्ट्री लेव्हलच्या बॉड्या साधारण लाखभर क्लिकच्या हिशोबानं बनवलेल्या असतात अन् लग्नवाल्याची बॉडी दोन-तीन सीझनमध्ये तिथं पोचते. लेन्समधून मोबाईलची टॉर्च आरपार मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, फुकट दिली तरी घेऊ नका. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत कोंडून ठेवायचा नाही, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा. अन् आमच्या एप्रिल-मेच्या धुळीत उघड्यावर लेन्स बदलायची नाही, गाडीत बसून, काचा लावून बदला, नाहीतर सेन्सरवर बसलेला ठिपका प्रत्येक फोटोच्या आभाळात दिसतो.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. तुम्हाला पक्षीच काढायचे असतील तर माझं वरचं बरंचसं बाजूला ठेवा. पैठणला नाथसागरावर फ्लेमिंगो येतात तेव्हा ते पाण्यात लांब असतात अन् माझ्या ३५ एमएममध्ये गुलाबी ठिपका येतो, दाजींच्या कॅमेऱ्यात चोचीचा बाक दिसतो. भरपूर उजेड, लांबची वस्तू, कमी पैसे, तिथं ब्रिज कॅमेरा चालतो, हे मी दाजींना तेव्हाही म्हणालो होतो. नुसता व्हिडिओ करायचा असेल तर मिररलेसच बघा, पण आपल्याकडच्या ४२ डिग्रीत उघड्यावर ४के लावून ठेवला तर छोट्या बॉड्या गरम होऊन बंद पडतात, घेण्याआधी त्याच मॉडेलचं कोणी उन्हात वापरलंय का ते विचारा. अन् फोटो फक्त स्टेटसलाच ठेवायचे असतील तर चांगल्या मोबाईलचा नाइट मोड पुरतो. तो बरेच फोटो एकावर एक रचून उजेड गोळा करतो, म्हणून भिंतीवरचं चित्र चांगलं येतं अन् पळणारं पोरगं फिसकटतं.

नवीन घेतलात तर बिल घ्याच. २०१९ पासून कॅमेऱ्यावर जीएसटी २८ वरून १८ झालाय, तेवढा वाचवायला बिनबिलाचा माल घेऊन इंडियाची वॉरंटी घालवू नका. वॉरंटी कार्डावरचा सिरीयल नंबर बॉडीच्या बुडाशी लिहिलेल्या नंबराशी दुकानातच जुळवा.

अन् दाजी, तुम्ही इथं वाचता हे मला माहितेय. तो पद्मपाणी १२ बाय ८ मध्ये फ्रेम करून आता वडिलांच्या खोलीत लावलाय, त्यांनीच मागून घेतला. येत्या दिवाळीला तुमचा कॅमेरा घेऊन या, रात्री आठला त्याच खोलीत, फ्लॅश न मारता, दोघं मिळून त्यांचा फोटो काढू.